काटा कुणाच्या हातात?

(जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या आशाताई आणि बचत गटांच्या कार्यकर्त्या यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

सकाळपासून आपण आपापल्या दवाखान्यांबद्दल बोलतो आहोत. कुणी म्हणालं, आमच्याकडे डॉक्टर भेटत नाहीत. कुणी म्हणालं, आमची सिस्टर फार मायेची आहे. एका ताईंनी सांगितलं की रात्री पेशंट घेऊन गेलं तर दार उघडेपर्यंत जीव टांगणीला लागतो. हे सगळं तुम्ही अनुभवानं बोललात. पण हेच दवाखान्याच्या कागदांत शोधायला गेलात तर सापडेल याची खात्री नाही. कागदावर बहुतेक ठिकाणी दोनच शब्द असतात, 'रुग्ण समाधानी'. तुमचं बोलणं आणि हा कागद यांत एवढं अंतर का पडतं, हे आज आपण मिळून तपासू.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

पुण्यात एम.एस.डब्ल्यू. करून मी नुकतीच कामाला लागले होते. एका सरकारी दवाखान्यात रुग्णांच्या समाधानाचे फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही, तो याच दोन तालुक्यांतला असंही समजू नका. असा दवाखाना कुठंही असू शकतो. फॉर्मवर पाच खाने होते : वाईट, बरं, चांगलं, खूप चांगलं, उत्तम. मी बाळंतिणींच्या खोलीत गेले. डोंगरातल्या वाडीवरची एक मुलगी होती, पहिलटकरीण. शेजारी सासू बसलेली. कॉटच्या पायाशी सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन उभी. डिस्चार्ज कार्ड अजून हातात पडायचं होतं. मी विचारलं, "इथल्या सेवेबद्दल समाधानी आहात का?" तिनं सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "हाये ना बाई. समद्यांनी चांगलं केलं." मी 'खूप चांगलं'च्या खान्यात खूण केली आणि पुढच्या कॉटकडे वळले.

त्या दिवशी भरलेले सगळे फॉर्म जवळपास असेच होते. गठ्ठा बांधला, बेरीज केली, अहवाल गेला. चांगलं काम झालं म्हणून मलाही बरं वाटलं.

दीडेक वर्षानं दुसऱ्या कामासाठी त्या वाडीवर गेले तर तीच मुलगी भेटली. पुन्हा दिवस गेले होते, सातवा चालू होता. तिथली आशाताई म्हणाली, "ही काही केल्या दवाखान्यात यायला तयार नाही, तुम्ही तरी समजवा." आम्ही घराच्या मागल्या बाजूला बसलो. अंगणात हिरडा वाळत घातला होता. ती हिरडा खालीवर करत बोलायला लागली. कळा देताना ओरडली म्हणून मांडीवर चापट बसली होती. 'नवऱ्याजवळ जाताना नाही ओरडलीस ती?' असं ऐकावं लागलं होतं. दार उघडं, पडदा नाही, वॉर्डबॉय ये-जा करतोय. टाके घालताना काय करताहेत ते कुणी सांगितलं नाही. आई रात्रभर बाहेर पायरीवर बसून होती, तिला आत घेतलं नाही.

मी म्हटलं, "अगं, मी विचारलं होतं की! तेव्हा का नाही बोललीस?"

ती म्हणाली, "ताई, तुमी सेवेचं इचारलं. त्यांनी माझं लेकरू जित्तं हातात दिलं, मंग वाईट कसं म्हनू? आन् तुमी तर त्यांच्यातल्याच ना."

मैत्रिणींनो, या दोन वाक्यांत आजचा सगळा विषय आहे. त्या मुलीचं पुढं काय झालं ते शेवटी सांगते. आधी ती 'चांगलं' का म्हणाली ते पाहू.

एक म्हणजे विचारणारी कोण आणि कुठं विचारते. मी दवाखान्याची फाइल हातात धरून, सिस्टरच्या देखत, डिस्चार्ज मिळण्याआधी विचारत होते. उद्या बाळाला ताप आला तर तिला त्याच दारात यायचं होतं. गावात एकच पाणवठा असेल तर तिथलं पाणी गढूळ आहे हे बाई मोठ्यानं बोलत नाही. मंचर, नारायणगावात राहणाऱ्या बाईला हा दवाखाना नाही तर तो, अशी निवड थोडीफार तरी आहे. आहुप्याच्या किंवा इंगळूनच्या बाजूला राहणाऱ्या बाईला ती नाही.

दुसरं, उत्तर कोण देतं. सासू, नवरा, दीर. बाईच्या अंगावर जे झालं त्याचं समाधान दुसराच माणूस सांगतो. आता हे फोनवरही आलं आहे. केंद्र सरकारनं २०१६ साली 'मेरा अस्पताल' नावाची व्यवस्था सुरू केली. दवाखान्यातून गेल्यावर मोबाईलवर संदेश किंवा फोन येतो आणि अनुभव विचारतात. दवाखान्याबाहेर विचारायचं, ही कल्पना चांगली आहे. पण केसपेपर काढताना नंबर कुणाचा लिहितो आपण? घरात फोन एक, तोही नवऱ्याच्या खिशात. वाडीवर रेंज नाही. संदेश वाचणार तो आणि बटण दाबणारही तोच.

तिसरं कारण जास्त खोल आहे. आपली अपेक्षाच किती असते? मी नंतर बायकांना विचारायला लागले, "चांगलं म्हणजे काय झालं ते सांगा." उत्तरं काय यावीत? 'हाकलून दिलं नाही.' 'पैसे मागितले नाहीत.' 'शिव्या दिल्या नाहीत.' जे घडायलाच नको होतं ते घडलं नाही, याला आपण चांगलं म्हणतो. दवाखान्यात आपण उपकार घ्यायला आलोत, असंच मनात बसलेलं असतं. खरं पाहिलं तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत केलेलं आहे. पण 'फुकट मिळतंय, मग बोलायचं कशाला' हा विचार काही त्या निर्णयानं गेला नाही. काड्यापेटीपासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूवर आपण कर भरतो. दवाखाना त्यातूनच चालतो. त्याला फुकट म्हणणं हीच पहिली चूक.

बाई आपलं दुखणं कमी सांगते हे मी मनानं सांगत नाही. याचे दोन दाखले माझ्या डोक्यातून कधी जात नाहीत.

बंगालच्या मोठ्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात एक पाहणी झाली होती. विधुर आणि विधवा, दोघांना त्यांच्या तब्येतीबद्दल विचारलं. आजारी आहोत किंवा तब्येत यथातथाच आहे असं सांगणारे विधुर जवळजवळ निम्मे निघाले, शंभरात ४८. विधवा किती? शंभरात अडीच. दुष्काळात विधवांची तब्येत पुरुषांपेक्षा एवढी ठणठणीत असेल, यावर तुमचा विश्वास बसतो? अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी या पाहणीचा दाखला दिला आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. बिहारपेक्षा केरळात आयुष्यमान कितीतरी जास्त, तरी 'मी आजारी आहे' असं सांगणारी माणसं केरळातच जास्त. शिकलेला, दवाखाना जवळ असलेला माणूस दुखणं ओळखतो आणि बोलतो. ज्याला काही मिळतच नाही तो दुखण्यालाच नशीब म्हणतो.

दुसरा दाखला आपल्या महाराष्ट्रातला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्री-रोगांपैकी काही ना काही त्रास होता. पूर्वी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. म्हणजे शंभरातल्या नव्वदहून जास्त बायका अंगावर दुखणं काढत होत्या. त्यांना जर कुणी खाने असलेला फॉर्म दिला असता, तर त्यांनी कुठल्या खान्यात खूण केली असती? म्हणून समाधानाचा आकडा जास्त दिसला की मी हुरळत नाही. जिथं बायका तक्रार करायला शिकल्या तिथं आकडा आधी खाली येतो. ते काम बिघडल्याचं लक्षण नसतं.

आता याची दुसरी बाजूही पाहू, नाहीतर आपलं बोलणं एकांगी होईल. समाधानी असणं आणि उपचार चांगला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडे सलाईन लावली की माणूस खूश. डॉक्टरनं तपासून 'घरी जा, मीठ-साखरेचं पाणी प्या, दोन दिवसांत बरं वाटेल' असं सांगितलं तर आपण म्हणतो, 'त्यानं काही केलंच नाही.' पण शास्त्राला धरून वागला तोच. पुढच्या चौकातला माणूस कारण नसताना सुई टोचतो, पैसे घेतो, आणि समाधानाचा फॉर्म दिलात तर त्यालाच 'उत्तम' मिळेल.

याहून वाईट उदाहरण पिशवीचं. बीडच्या ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढण्याचं प्रमाण भयंकर आहे हे २०१९ साली पुढं आलं. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या बायका आपल्याला परक्या नाहीत. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन साखर कारखाने आपल्याच दोन तालुक्यांत आहेत, दर हंगामाला आपल्या शिवारात कोप्या पडतात. अशा एखाद्या बाईला ऑपरेशननंतर विचारा, समाधानी आहेस का? ती म्हणेल, 'हो, पाळीची कटकट गेली, खाडा पडत नाही.' ते समाधान खोटं नाही. पण तिची पिशवी काढायची गरज होती का, दुसरा उपाय कुणी सांगितला का, पुढं हाडं दुखतील, अंगातून वाफा निघतील हे कुणी सांगितलं का, हे त्या 'हो'मधून कळत नाही. ज्या बाईला उसाच्या फडात आडोसा मिळत नाही, पाळी आली म्हणून सुट्टी मिळत नाही, ती पिशवी गेल्याचं समाधान मानते. दोष मग दवाखान्यापुरता राहतो का?

म्हणून जाणकार माणसं आधीपासून सांगत आली आहेत की दवाखान्याचं काम तीन अंगांनी बघा. डोनाबेडियन नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९६६ सालच्या लेखात हे मांडलं. इमारत, माणसं, औषधं आहेत का, हे एक. उपचार प्रत्यक्षात कसा झाला, हे दोन. शेवटी रुग्णाचं काय झालं, हे तीन. रुग्णाचा अनुभव यात हवाच, पण त्या एकट्यावर सगळं तोलता येत नाही.

बरं, मग विचारायचंच नाही का? तसं मुळीच नाही. बाईला न विचारता तिच्यासाठी ठरवायचं, हे तर वर्षानुवर्षं चाललंच आहे. विचारायचं, पण नीट.

तुमच्यातल्या कितीजणी हिरडा गोळा करतात? व्यापाऱ्याकडे माल नेला की तुम्ही आधी काय बघता? काटा. वजन कुणाचं, पारडं सरळ आहे का, अंगठा कुठं आहे. घरी मापून नेलेला माल तिथं कमी भरला तर 'काटा मारला' हे तुम्हाला लगेच कळतं. समाधानाचा फॉर्म हाही एक काटाच आहे. तो ज्याचं काम मोजायचं त्याच्याच हातात राहिला, तर माप त्याच्याच सोयीचं भरणार.

आमच्या गटानं ठेच खात खात काही गोष्टी ठरवल्या. त्या तुमच्यापुढं ठेवते.

पहिली गोष्ट, 'समाधानी आहात का' हा प्रश्न आम्ही जवळपास टाकून दिला. त्याऐवजी काय घडलं ते विचारतो. अमेरिकेत २००६ पासून दवाखान्यांसाठी एक देशभराची प्रश्नावली वापरतात. तिच्यातही असंच आहे : नर्स तुमच्याशी आदरानं बोलल्या का? कधीच नाही, कधी कधी, बहुतेक वेळा, की नेहमी? आणि तेही घरी गेल्यावर विचारतात. आमचे प्रश्न आपल्याकडचे आहेत. तपासायच्या आधी तुम्हाला विचारलं का? पडदा ओढला होता का? आत किती माणसं होती? तुमच्यासोबत कुणाला राहू दिलं? कुणी अंगावर हात टाकला का, लागेल असं बोललं का? कुठलं औषध बाहेरून आणायला लावलं, किती पैसे गेले? घरी जाताना गाडी कुणाची होती? डिस्चार्जच्या वेळी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा. 'खूप चांगलं' म्हणणारी बाईच या प्रश्नांना 'पडदा नव्हता, इंजेक्शन बाहेरून आणलं, जीपला पैसे मोजले' असं सांगते. बाई खोटं बोलत नव्हती, आमचा प्रश्नच भोंगळ होता.

दुसरी गोष्ट, प्रत्येक प्रश्नाच्या मागं हक्क उभा असला पाहिजे. २०११ सालापासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी हे सगळं त्यात मोफत धरलेलं आहे. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवसांपर्यंत जेवण. कळा देताना सोबतीला एक बाई असू द्यावी, अशा सूचना केंद्र सरकारनं २०१६ साली दिलेल्या आहेत. म्हणजे त्या मुलीची आई रात्रभर पायरीवर बसायला नको होती. हे मला माहीत असतं आणि मी तिला सांगितलं असतं, तर ती 'चांगलं' म्हणायच्या आधी थांबली असती. खासगी दवाखान्यांचंही तेच. २०२१ साली राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत बदल झाला आणि रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात लावणं बंधनकारक झालं. पुढच्या वेळी आळेफाट्याला किंवा मंचरला कुणाला भेटायला गेलात, तर भिंतीवर ती सनद आहे का ते बघा. चकाचक फरशी आणि एसी खोली बघून आपण लगेच समाधानी होतो. बिलाचा तपशील मागितला का, दरपत्रक पाहिलं का, हे कुणी विचारत नाही.

तिसरी, विचारायचं घरी. निदान आठ-पंधरा दिवसांनी. सासू भाजी निवडत समोर बसलेली असेल तर मुकाट उठून यायचं आणि पुन्हा जायचं. विचारणारी दवाखान्याची नको. आशाताई, इथं तुमची अडचण मला समजते. तुम्ही गावच्याही आहात आणि दवाखान्याच्याही. तुमच्या कामाचे पैसे तिथूनच निघतात. म्हणून हा भार एकट्या आशाताईवर टाकू नका, बचत गटातल्या बाईनं सोबत गेलं पाहिजे. फॉर्मवर नाव लिहायचं नाही. वाडी लहान असेल तर वाडीचंही नाव नको, लोक लगेच ओळखतात. आणि एखादीनं मारहाणीसारखं, अब्रूवर घाला घातल्यासारखं काही सांगितलं, तर ती नुसती एक खूण म्हणून कागदावर ठेवून निघून यायचं नाही. तिला काय हवंय ते विचारायचं, आणि ती म्हणेल तेवढंच पुढं न्यायचं.

चौथी गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. आम्ही ज्यांना विचारत होतो त्या सगळ्या दवाखान्यात आलेल्या होत्या. जी आलीच नाही तिचं काय? आपले तालुके बघा. पूर्वेला नाशिक रस्ता, कालव्याचं पाणी, टोमॅटोचा बाजार, चौकाचौकात खासगी दवाखाने. पश्चिमेला डोंगर, महादेव कोळी आणि ठाकरांच्या वाड्या, डिंभे-माणिकडोहच्या पाण्याला वळसा घालून जाणारे रस्ते. धरणं पश्चिमेला, भिजतं पूर्वेकडचं रान. दोन्हीकडच्या रुग्णांची बेरीज करून सरासरी काढली की पूर्वेच्या आकड्यात पश्चिम बुडून जाते. त्यात जी बाई अर्ध्या रस्त्यातून परतली, जिनं भगताकडे धाव घेतली, जिला गाडीच मिळाली नाही, ती तर कुठल्याच फॉर्मवर नाही. दवाखान्याबद्दलचं सगळ्यात कडक मत तिचं आहे, आणि ते तिनं पायांनी दिलं आहे. म्हणून वाडीवाडीत विचारा : गेल्या वर्षात घरी किती बाळंतपणं झाली, आणि का?

आता सिस्टरांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. त्या मुलीची हकीकत ऐकून मला फार राग आला होता. पण पुढं एकदा मी अशाच एका वॉर्डात रात्र काढली. एक सिस्टर, दोन कळा देणाऱ्या बाया, एक सिझेरियनची, एक विषबाधेचा पेशंट, त्याचे दारू प्यालेले नातेवाईक. पहाटे चारला तिनं चहा हातात घेतला तो तसाच गार झाला. तीही बाईच. तिलाही अपमान गिळावे लागतात, वरून डॉक्टरांचे आणि खालून नातेवाइकांचे. म्हणून चापट माफ होत नाही. कळा देणाऱ्या बाईवर हात उगारणं ही हिंसा आहे, तिला दुसरं नाव देऊ नका. पण नुसत्या एका सिस्टरला मेमो देऊन ती थांबणार नाही. रात्री दुसरी सिस्टर असेल, पडद्याला कापड असेल, सोबतीला आई असेल, तर थांबण्याची शक्यता जास्त. दवाखान्यांच्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांत रुग्णांच्या समाधानाबरोबर कर्मचाऱ्यांच्या समाधानाचंही कलम आहे. आपण सभेत पहिलं कलम वाचून दाखवतो. दुसरंही वाचा. सिस्टर आपल्या बाजूला उभी राहिली तर कितीतरी कामं सोपी होतात.

शेवटचा प्रश्न : गोळा केलेल्या उत्तरांचं करायचं काय? माझा पहिला अहवाल कपाटात गेला. ज्या बायकांनी उत्तरं दिली त्यांना तो कुणी वाचून दाखवला नाही. असं पुन्हा होऊ द्यायचं नाही. याची वाट आपल्याच राज्यानं दाखवली आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली आलं, आणि २००७ पासून महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं : अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद म्हणजे आताचं धाराशिव, ठाणे आणि आपला पुणे. पुण्याच्या 'साथी' संस्थेनं राज्यभराच्या कामाची जुळणी केली. गावातल्या लोकांनीच आपल्या आरोग्यसेवेचं प्रगतिपुस्तक भरायचं. चांगलं असेल तिथं हिरवा रंग, मधलं तिथं पिवळा, वाईट तिथं लाल. अक्षर न येणारी आजीसुद्धा तो तक्ता वाचू शकते. मग जनसुनवाई, तिथं डॉक्टर, अधिकारी समोर बसलेले आणि लोक उभं राहून बोलताहेत. माझ्या फॉर्ममध्ये आणि या तक्त्यात हाच मोठा फरक. माझा फॉर्म एकट्या बाईला कॉटवर गाठत होता. तिथं गाव मिळून बोलतं, त्यामुळं कुणा एकीवर राग निघत नाही, आणि उत्तर सगळ्यांसमोर द्यावं लागतं.

तेव्हा आज घरी जाताना तीन कामं घेऊन जा. आपल्या दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीत कोण कोण आहे, त्यात बाई किती, आदिवासी वाडीवरची किती, बैठक कधी झाली, हे विचारून या. गटाच्या पुढच्या बैठकीत गेल्या सहा महिन्यांत बाळंत झालेल्या बायकांना बोलावून आत्ता सांगितलेले प्रश्न विचारा. आणि जे कळेल ते आधी सिस्टर-डॉक्टरांना जाऊन सांगा, मग ग्रामसभेत मांडा. जे चांगलं असेल तेही नावानिशी सांगा. ज्या सिस्टरनं पडदा धरला, तिचं कौतुक गावानं केलं पाहिजे.

आता ती मुलगी. मी तिला खूप समजावलं. ती गेली नाही. घरीच बाळंत झाली. बाळ आलं, वार अडकली, रक्त थांबेना. आशाताईनं १०८ला फोन लावायला टेकडी चढून रेंज शोधली. गाडी खालच्या रस्त्यापर्यंत आली आणि तिथपर्यंत चौघांनी तिला झोळीत घालून आणलं. ती वाचली, बाळही वाचलं. मला सकाळी फोन आला तेव्हा डोळ्यांपुढं माझा तो फॉर्म आला. 'खूप चांगलं'. त्या कागदानं कुणाला मारलं नव्हतं. पण त्या खोलीतलं दार उघडंच राहिलं आणि पडदा लागला नाही, कारण माझ्या अहवालात सगळं ठीक होतं.

आठ-दहा दिवसांनी मी तिला दवाखान्यात भेटायला गेले, यावेळी हात रिकामे ठेवून. ती म्हणाली, "ताई, कागद न्हाई आणला आज?" आम्ही दोघी हसलो. मग तिनं आपणहून सांगितलं, या खेपेला आईला आत येऊ दिलं. रात्रीच्या सिस्टरनं कपाळावरचा घाम पुसला. आणि टाके घालायच्या आधी विचारलं.

मी विचारलं नव्हतं, तरी तिनं एवढं सांगितलं. आपल्याला बायकांकडून हेच ऐकायचं आहे, चांगलं असो की वाईट. त्यासाठी आधी त्यांना 'तुमी त्यांच्यातल्या' वाटू नका.